लाज नेमकी कोणाची?

काही वर्षांपूर्वी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या मुलांसमोर ‘किशोरावस्था व आरोग्य’ या विषयावर बोलण्याचा प्रसंग आला. अखेरीस मुलांनी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून दिले. बहुतेकांचा प्रश्न एकच होता : झोपेत वीर्यस्खलन झाल्याने शरीर खंगते का? वयात आल्यावर होणारी ही स्वाभाविक क्रिया आहे, तिने धातुक्षय होत नाही, एवढे सांगणे पुरेसे होते. मी मात्र ब्रह्मचर्याचे महत्त्व सांगून वेळ मारून नेली. पंधरवड्यातच त्यांपैकी एक मुलगा मामांबरोबर दवाखान्यात आला. बाजारातून आणलेले ‘ताकदीचे’ चूर्ण चालू होते, भूक मेली होती, अभ्यास सुटला होता. रोग कोणताच नव्हता. पापभावना तो घरूनच घेऊन आला होता. माझ्या व्याख्यानातून त्याने तिला पुष्टी देणारे तेवढेच उचलले.

शास्त्राचे अज्ञान म्हणावे तर तसेही नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेल्या १३ अधारणीय वेगांत शुक्रवेग आहे. तीन उपस्तंभांत चरक ‘ब्रह्मचर्य’ म्हणतात, तर वाग्भट त्याच जागी युक्तीने आचरलेले ‘अब्रह्मचर्य’ म्हणतात. हे लिहून आपण सर्वांनी परीक्षेत गुण मिळवले आहेत. परंतु बालपणापासून मुरलेला संकोच बी.ए.एम.एस.च्या पदवीने जात नाही, आणि मुले आपल्या शब्दांआधी आपला चेहरा वाचतात.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला होता तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल, म्हणजे अशाच चिठ्ठ्यांबद्दल! निकाल विरुद्ध गेला, दंड झाला. पुढे २००७ मध्ये विधिमंडळातील विरोधानंतर राज्य शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षण थांबवले. तेव्हा आपल्यापैकी किती वैद्य बोलले? मीही गप्पच होतो.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती आहे. शालेय वयाचा मुलगा वाजीकरणाची डबी मागू लागल्यास ती न देता त्याला वैद्याकडे पाठवावे. विक्री थोडी बुडेल, हे मान्य. आमचेही तेच आहे. त्या मुलाचे चूर्ण बंद करून मी अर्धा तास केवळ बोललो, तेव्हा मामांनी उठताना विचारलेच, “औषद नाय, मगे पैशे कसले?”