घरच्या शाळेचा हिशेब

एडिसनमधल्या एखाद्या कुटुंबाने ठरवलं, की उद्यापासून मुलीला शाळेत पाठवायचं नाही, घरीच शिकवायचं, तर न्यू जर्सी सरकारला त्यांनी काय कळवायचं? काहीच नाही. मुलीचं नाव पटावर असेल तर ते काढल्याचं पत्र शाळेला द्यावं, म्हणजे गैरहजेरीच्या नोटिसा येत नाहीत. बाकी ना अर्ज, ना अभ्यासक्रमाची मंजुरी, ना परीक्षा, ना वर्षाअखेरचा अहवाल. ६ ते १६ वयाच्या मुलाला शाळेत किंवा शाळेबाहेर समतुल्य शिक्षण मिळालं पाहिजे, एवढंच कायदा म्हणतो. १९६७ च्या ‘स्टेट विरुद्ध मासा’ खटल्यात तिथल्या न्यायालयाने त्याचा अर्थही लावून दिला: समतुल्यता अभ्यासाची हवी. शाळेतल्यासारखा मुलांचा घोळका घरी असण्याची गरज नाही आणि शिकवणाऱ्या आईकडे शिक्षकाचं प्रमाणपत्र असण्याचीही नाही.

हेच कुटुंब डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं, की त्याला दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हडसन ओलांडून क्वीन्सला गेलं, तर वर्षभर शाळाखात्याशी पत्रव्यवहार सुरू होतो. आपल्या मराठी मंडळाचे सभासद या तिन्ही राज्यांत विखुरलेले आहेत, गणपतीला एकाच हॉलमध्ये जेवतात, आणि होमस्कूलिंगचा विषय निघाला की न्यू जर्सीवाल्यांकडे हेव्याने पाहतात. मला हा हेवा चुकीच्या जागी वाटतो. घरी शिकवण्याचा हक्क आईवडिलांना असायलाच हवा. पण मूल घरी शिकतं आहे याची नोंद, आणि वर्षातून एकदा कुणातरी तिऱ्हाइताने त्याचं शिक्षण पाहणं, हे दोन्ही त्या हक्काबरोबर यायला हवं. या बाबतीत तिघांत पेनसिल्व्हेनियाचा कायदा सर्वात शहाणा आहे.

तो कायदा १९८८ चा. त्यानुसार घरी शिकवणाऱ्या पालकाने किमान हायस्कूल पूर्ण केलेलं असावं लागतं. दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत शाळा जिल्ह्याच्या अधीक्षकांकडे प्रतिज्ञापत्र जातं. त्यात विषयवार उद्दिष्टं, लसीकरण आणि आरोग्य तपासणीचा पुरावा, आणि घरातल्या कुणाही प्रौढाला गेल्या पाच वर्षांत ठरावीक गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली नाही अशी ग्वाही असते. वर्षाला १८० दिवस शिकवायचं, किंवा प्राथमिकला ९०० आणि माध्यमिकला ९९० तास. विषयांच्या यादीत गणित, विज्ञान, इतिहासाच्या जोडीला संगीत, चित्रकला आणि आग लागू नये म्हणून घ्यायची काळजीसुद्धा आहे. विषय इंग्रजीतून शिकवायचे असतात, पण वर मराठी शिकवायला कुणाची ना नाही. काय वाचलं त्याची नोंदवही, मुलाच्या हातचे काही कागद आणि तिसरी, पाचवी, आठवीला एक प्रमाणित परीक्षा, हे सगळं एका पोर्टफोलिओत ठेवायचं. ती परीक्षा आईवडिलांनी घ्यायची नसते. वर्षाअखेरीस एक मूल्यमापक पोर्टफोलिओ पाहतो, मुलाशी बोलतो आणि शिक्षण योग्य चाललं आहे असं पत्र देतो. ३० जूनपर्यंत ते पत्र अधीक्षकांकडे पोचवलं, की वर्ष संपलं.

या व्यवस्थेतली मेख अशी, की मूल्यमापक कुटुंबाने स्वतः निवडायचा असतो. तो परवानाधारक मानसशास्त्रज्ञ किंवा पात्र शिक्षक असावा, एवढीच अट. २०१४ पासून पोर्टफोलिओ अधीक्षकांना दाखवावा लागत नाही, मूल्यमापकाचं पत्र पुरतं. म्हणजे घरात काय शिकवलं जातं यात सरकार नाक खुपसत नाही, पण मुलाला वर्षातून एकदा घराबाहेरच्या जाणत्या माणसासमोर बसावं लागतं. बदल्यात राज्यही काही देतं. मूल्यमापकाची सही असलेली, पालकांनी दिलेली पदविका राज्य मान्य करतं. २००६ पासून घरी शिकणारी मुलं जिल्ह्याच्या शाळेच्या संघात खेळू शकतात, बँडमध्ये वाजवू शकतात.

न्यूयॉर्कने हीच गोष्ट किचकट करून ठेवली आहे. १ जुलैपर्यंत इराद्याचं पत्र, मग वर्षाचा विषयवार आराखडा, दर तिमाहीला अहवाल, वर्षाअखेर मूल्यांकन. चौथी ते आठवीत किमान एक वर्षाआड परीक्षा आणि नववीपासून दरवर्षी. गुण देशातल्या मुलांच्या तुलनेत खालच्या तिसऱ्या हिश्श्यात गेले आणि वर्षभराची प्रगतीही दिसली नाही, तर कुटुंबाचा कार्यक्रम परिवीक्षेवर जातो. एवढं करूनही मुलाला शाळेच्या आंतरशालेय संघात जागा नाही आणि जिल्ह्याची पदविकाही नाही. कागद भरपूर आणि पदरात काही नाही, असा हा व्यवहार आहे. नियमन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र येतं, म्हणून ते बिचकतात.

तीन शेजारी, तीन तऱ्हा. कारण अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. ओरेगनने सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली, तेव्हा १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘पिअर्स’ खटल्यात ती रद्द केली. मूल हे काही सरकारची मालमत्ता नाही, असा त्या निकालाचा गाभा. होमस्कूलिंगवाले तो अभिमानाने सांगतात. पण शाळांवर वाजवी देखरेख ठेवण्याचा आणि शिक्षण तपासण्याचा राज्याचा अधिकार त्याच निकालात मान्य केलेला आहे, हे सांगायचं राहून जातं. १९७२ च्या ‘योडर’ खटल्यात आमिश कुटुंबांना आठवीनंतर मुलांना शाळेतून काढायची मुभा मिळाली, तीही त्यांच्या धर्माचा आणि जीवनपद्धतीचा बारकाईने विचार करून. पुढची लढाई राज्याराज्यांत झाली आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झालं. त्यामुळे देखरेख म्हणजे घटनेवर घाला, हा युक्तिवाद टिकत नाही.

आपल्याकडची कुटुंबं या वाटेला का लागतात, तेही पाहू. धर्मासाठी शाळा सोडणारे आपल्यात फारसे नाहीत. कुणाचं मूल गणितात वर्गाच्या दोन इयत्ता पुढे असतं आणि शाळा त्याला पुढे जाऊ देत नाही. कुणाचं मूल ऑटिस्टिक असतं आणि पस्तीस मिनिटांच्या तासांचा गलका त्याला सोसत नाही. कुणाला त्रास देणाऱ्या मुलांच्या टोळीतून पोराला सोडवायचं असतं. कोविडमध्ये घराघरांत वर्ग भरले आणि हे जमतं असं अनेकांच्या लक्षात आलं. जनगणना विभागाच्या पाहणीत २०२० च्या वसंतात शाळकरी मुलं असलेल्या ५.४ टक्के घरांनी होमस्कूलिंग करत असल्याचं सांगितलं होतं. त्याच शरदात तो आकडा ११.१ टक्क्यांवर गेला. पुढे लाट ओसरली, पण ही आता मूठभर हौशी लोकांची गोष्ट राहिलेली नाही.

मग नोंद कशाला? जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेरिस गावात एका घरातून तेरा भावंडं सुटली. काही साखळीने बांधलेली, बहुतेक उपाशी. बापाने त्या घराची खासगी शाळा म्हणून नोंदणी केली होती. कॅलिफोर्नियात होमस्कूलिंगचा वेगळा कायदा नाही. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये खासगी शाळेचं शपथपत्र भरलं की काम झालं, आत कोण शिकतंय हे पाहायला कुणी जात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कनेटिकटमधल्या वॉटरबरीत बत्तीस वर्षांच्या एका माणसाने खोलीला आग लावून सुटका करून घेतली. त्याचं वजन ३१ किलोच्या आसपास होतं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो लहानपणापासून कोंडलेला होता. घरी शिकवतो असं सांगून त्याला शाळेतून काढलं होतं आणि पुढे पुढे कोणत्याही कार्यालयाला त्याची आठवण राहिली नाही.

होमस्कूलिंगच्या संघटना यावर चिडतात आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. असे राक्षस विरळा असतात, त्यांच्यापायी हजारो सरळमार्गी कुटुंबांना संशयाच्या पिंजऱ्यात का उभं करायचं? शाळेत जाणाऱ्या मुलांचे हाल होत नाहीत का? आणि छळच करायचा असेल त्याला एका फॉर्मने कोण अडवणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की नियम संशयावर उभा करायची गरज नाही. गाडीची तपासणी सगळ्यांचीच होते, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. दुसऱ्याचं उत्तर, शाळेतल्या मुलाचा वळ निदान कुणाच्या तरी नजरेस पडतो आणि शिक्षकावर तो कळवण्याची कायदेशीर जबाबदारी असते. तिसरा आक्षेप मला मान्य आहे. नुसत्या फॉर्मने कुणी थांबत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियासारखं शपथपत्र पुरत नाही, मुलाला प्रत्यक्ष भेटणारा माणूस लागतो.

जर्मनीसारखी बंदी मी मागत नाही. तिथे घरी शिकवणं जवळजवळ पूर्ण निषिद्ध आहे. शाळेत न पाठवल्याबद्दल एका कुटुंबाची चार मुलं काही आठवडे सरकारने ताब्यात घेतली होती, आणि २०१९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यातही सरकारची चूक मानली नाही. बंदी आणि बेदखली या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे.

शिवाय आपण मराठी माणसांनी तरी सरकारने मुलाची चौकशी करण्याला हरकत घेऊ नये. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर ते लागू केलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तो दंड आईबापांचा अपमान करण्यासाठी नव्हता. शिक्षण हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, तो बापाच्या मर्जीवर सोडता येत नाही, एवढंच तो सांगत होता. एडिसनमधलं शिकलेलं, कमावतं घर त्या काळच्या घरांपेक्षा वेगळं आहे हे खरं. पण कायदा चांगल्या घरांसाठी वेगळा आणि वाईट घरांसाठी वेगळा लिहिता येत नाही.

आता स्वार्थाचं बोलू. नोंद ठेवण्यात पहिला फायदा कुटुंबाचाच आहे. एच-वन-बी व्हिसावरची नोकरी गेली की नवी शोधायला हातात साठ दिवस उरतात. नवी नोकरी न्यूयॉर्कमध्ये मिळाली तर तिथे तिमाही अहवाल लिहायला बसावं लागतं, आणि भारतात परतायची वेळ आली तर नववी-दहावीत प्रवेश देणारी शाळा आधीची गुणपत्रिका मागते. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा व्हिसा पाहत नाही, एच-फोर या आश्रित व्हिसावरच्या मुलालाही तो लागू असतो. शाळा मध्येच सोडलेली मुंबईची एक मुलगी २०१६ मध्ये थेट एमआयटीत गेल्याची बातमी आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवली. तिच्याकडे बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून आयआयटीचं दार बंद होतं. एमआयटीचं उघडलं ते संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांमुळे. म्हणजे शाळेचा कागद नसला तरी बाहेरच्या कुणीतरी मोजलेला पुरावा लागलाच. सगळ्यांच्या मुलांकडे ऑलिंपियाडची पदकं नसतात. महाराष्ट्रात निदान सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. इथे तशी एकच सरसकट परीक्षा नाही, म्हणून वर्षावर्षाचा साठवलेला पुरावाच कामाला येतो.

न्यू जर्सीची मोकळीक किती महाग पडू शकते ते विशेष मुलांच्या पालकांना विचारा. मूल शाळेतून काढल्यावर त्याची तपासणी जिल्ह्याकडून करून घेता येते, पण आयईपीतली, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातली, वाक्‌चिकित्सा किंवा इतर सेवा देणं जिल्ह्यावर बंधनकारक राहत नाही. शाळेच्या संघात खेळू द्यायचं की नाही, तेही जिल्ह्याच्या मर्जीवर. सरकार काही विचारत नाही, कारण सरकार काही देणंही लागत नाही. ज्यांना शाळेचा गलका नको पण सेवा हव्यात, अशा पेनसिल्व्हेनियातल्या पालकांनी घरून ऑनलाइन शिकवणाऱ्या सायबर चार्टर शाळेचाही विचार करावा. मात्र एक लक्षात ठेवावं. कायद्याच्या लेखी ते होमस्कूलिंग नव्हे. मूल सरकारी शाळेच्या पटावर असतं, हजेरी आणि राज्याच्या परीक्षा त्याला चुकत नाहीत.

२०२५ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळात होमस्कूलिंगवर देखरेख आणणारी विधेयकं आली आणि त्यांना जोरदार विरोधही झाला. आपल्यातल्याही काहींनी निषेधाची पत्रं धाडली. घरी काय शिकवायचं हे राज्याने ठरवायचं, अशा कलमांना विरोध जरूर करावा. पण नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही. वॉटरबरीसारखं एखादं प्रकरण आपल्या राज्यात घडलं, तर घाईघाईत न्यूयॉर्कहून किचकट कायदा होईल आणि तेव्हा आपलं कुणी ऐकणार नाही. त्यापेक्षा आजच आपल्या आमदारांना सांगावं, की वर्षाला एक नोंद आणि कुटुंबाने निवडलेल्या मूल्यमापकाची एक भेट आम्हाला मान्य आहे, आणि त्या बदल्यात मान्य पदविका, शाळेचं मैदान आणि विशेष मुलांच्या सेवा आम्हाला हव्या आहेत.

तो कायदा होईपर्यंत कुणी अडवलेलं नाही. न्यू जर्सीत घरी शिकवणाऱ्यांनी वाचनाची नोंदवही आजपासून ठेवावी, मुलाचं लेखन तारखेसह जपावं, रविवारच्या मराठी शाळेचं प्रमाणपत्रही त्यातच लावावं. आणि दर जूनमध्ये एखाद्या अनुभवी शिक्षकाला घरी बोलावून, चहा पाजून, मुलाशी तासभर बोलायला सांगावं. मंडळात शिक्षकी पेशातले सभासद आहेत. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी आपली नावं कार्यकारिणीकडे द्यावीत.