फडातले डोळे

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चिकोडी-निपाणी भागात गळीत हंगामाची लगबग सुरू झालेली असेल. बीडकडच्या, विजापूरकडच्या टोळ्या उतरतील, माळावर खोप्या उभ्या राहतील आणि पुढचे काही महिने माणसे पहाटेच फडात शिरतील. उसाच्या पात्याला करवतीची धार असते. हात कापतो, मान कापते. ते दिसते आणि भरूनही येते. पाते डोळ्याला लागते त्याची मात्र कुठे नोंद होत नाही. डोळ्यांसाठी दानधर्म करण्यात आपला मुलूख कधी मागे राहिलेला नाही. तरीही हा डोळा त्या दानाच्या वाटेवर आला नाही, म्हणून यंदाचे संपादकीय त्याच्यासाठी.

आपल्याकडची नेत्रसेवा वाढली ती मोतीबिंदूच्या निमित्ताने. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांचे नाव दूरवर गेले. बेळगाव-निपाणीकडून उपचारासाठी मिरज गाठण्याची वाट तेव्हापासूनची. पुढे तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगी गावचे डॉ. एम. सी. मोदी उभे राहिले. दवाखाना रुग्णापर्यंत न्यायचा, हा त्यांचा ध्यास. १९६८ साली तिरुपतीला त्यांनी एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया केल्या, आणि १९९३ पर्यंत त्यांच्या एकूण शस्त्रक्रियांचा आकडा सहा लाखांच्या पुढे गेला. कन्नड मुलखात लोक त्यांना डोळे देणारा अण्णा म्हणत. शाळेच्या वर्गांत ओळीने अंथरलेल्या गाद्या, डोळ्याला पट्टी, उशाशी बसलेली सून किंवा लेक आणि नंतर आयुष्यभराचा जाड भिंगाचा चष्मा, हे त्या काळच्या शिबिराचे रूप जुन्या वाचकांना आठवत असेल.

सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ चा. पुढे सीमेच्या त्या बाजूला, महाराष्ट्रात, जागतिक बँकेचा पैसा आला, या बाजूला, कर्नाटकात, डेन्मार्कचा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू केली आणि डोळ्यात बसवायचे भिंग गरिबाच्या आवाक्यात आले. आज आजी सकाळी ऑपरेशनला जाते आणि दुसऱ्या दिवशी नातवंडांची तोंडे पाहते. हे काम थांबता कामा नये. पन्नाशीपुढच्या अंधांमध्ये आजही सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळेच अंध आहेत, असे २०१५-१९ चे राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते.

पण त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा आम्हाला अस्वस्थ करतो. पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पांढरा पडणे, गावच्या भाषेत डोळ्यात फूल पडणे, हे आहे. प्रमाण ३७ टक्क्यांहून अधिक. म्हणजे म्हातारपणी गेलेली नजर आपण परत आणतो आणि कमावत्या वयात जाणारी नजर बघत राहतो. फडात हे असे घडते: पाते लागले की ओरखडा उठतो, पानावरची बुरशी आत शिरते. पहिल्या दिवशी नुसते खुपते. कुणी मध घालतो, कुणी एरंडेल, कुणी मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब आणतो. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर बरे वाटल्याचा भास होतो आणि बुरशी फोफावते. मग उरते नेत्ररोपण, आणि त्यासाठी कुणाच्या तरी घरच्यांनी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान केलेले असावे लागते.

नेपाळमध्ये भक्तपूरला यावर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. गावातल्याच स्वयंसेवकांना ओरखडा ओळखायला शिकवले आणि क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस लावायला दिले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले, त्यांच्यातल्या एकालाही व्रण झाला नाही. पुढे नेपाळमध्येच झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र गावेच्या गावे धरली तर व्रणांचे प्रमाण घटलेले दिसले नाही. आमच्या मते मलम गावात असणे पुरेसे नाही, माणूस त्याच दिवशी त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे.

आणि तो का पोचत नाही, हे फडात गेल्यावर कळते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकाने सुट्टी घेतली की दोघांचे काम मोडते, उचल अंगावर असते आणि मुकादम खाडा धरतो. डोळा खुपतो म्हणून कोण खाडा करील? डोळा पांढरा दिसू लागेपर्यंत माणूस मोळ्या बांधत राहतो.

निपाणीच्या गल्ल्यांतल्या बिडी वळणाऱ्या आयाबायांचेही दुखणे याच जातीचे. मजुरी हजारी मोजायची. चाळिशी उलटली की जवळचे धूसर होते, दोरा नीट बसत नाही आणि बिडी छाटात जाते. आसामात २०१८ मध्ये चाळिशीपुढच्या ७५१ चहामळा मजुरांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. जवळचा चष्मा मिळालेल्यांचे पान खुडणे चष्मा नसलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले होते. चाळिशीचा चष्मा ही काही महागडी वस्तू नाही. तरी शिबिरात मोतीबिंदू नसलेल्या बाईला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठवतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

आमचे वाचक शिबिरे भरवतात, देणग्या देतात, काही स्वतः डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे आमचे मागणे आहे. या हंगामातले पहिले शिबिर देवळाच्या मांडवाऐवजी टोळीच्या खोप्यांपाशी, तेही रात्री, कोयते परतल्यावर घ्या. मुकादमाला आणि आशाताईला मराठीत नि कन्नडात एकच गोष्ट शिकवा: पाते लागले की त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे. गाडीभाडे तुम्ही द्या. आणि देणगीची पावती फाडताना थोडी रक्कम ‘खाड्यासाठी’ असे लिहून वेगळी ठेवा, म्हणजे डॉक्टरकडे गेलेल्या जोडीचा त्या दिवसाचा रोज बुडणार नाही.