साइटवर घडणारी पदवी

डिग्री अप्रेंटिसशिप ही पद्धत इंग्लंडमध्ये 2015 साली सुरू झाली. तीत स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून कंपनीचा पगारी कर्मचारी असतो. बहुतेक ठिकाणी आठवड्यातले चार दिवस तो साइटवर किंवा डिझाइन कार्यालयात काम करतो आणि एक दिवस विद्यापीठात जातो. काही विद्यापीठे त्याऐवजी वर्षातून काही वेळा सलग वर्ग घेतात. शिक्षणाचे शुल्क त्याला भरावे लागत नाही. ज्या कंपन्यांचा वार्षिक पगारखर्च 30 लाख पौंडांहून अधिक आहे त्यांच्याकडून एप्रिल 2017 पासून 0.5 टक्के उपकर घेतला जातो आणि त्यातून हा खर्च भागतो. पाचएक वर्षांनी पदवी हाती येते आणि इन्कॉर्पोरेटेड इंजिनिअर या व्यावसायिक दर्जाने नोंदणी होण्याची वाटही मोकळी होते.

या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, चार दिवस साइटवर घालवणाऱ्याचा सिद्धांत कच्चा राहणार. आक्षेपकांच्या हाती इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधले बहुतेक अभियंते एखाद्या नामांकित अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करूनच तयार होत. स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या रेल्वेपुलाचा रचनाकार थॉमस बाउच हा त्याच परंपरेतला. 28 डिसेंबर 1879 च्या रात्री वादळात त्या पुलाचा मधला भाग कोसळला, त्यावरची गाडी नदीत गेली आणि एकही प्रवासी वाचला नाही. वाऱ्याच्या दाबाचा वेगळा हिशेब बाउचने धरलाच नव्हता. अनुभवाला गणिताची जोड नसली की काय होते, याचा हा दाखला म्हणून दिला जातो.

दाखला खरा आहे, पण अर्धा. चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली होती. पुलाचे ओतीव लोखंडी खांब सदोष होते आणि ओतकामात राहिलेली छिद्रे लोखंडाचा कीस मिसळलेल्या मेणासारख्या लुकणाने बुजवली होती. ओतशाळेत कोणी जाणता माणूस उभा असता, तर ही लबाडी खपली नसती. म्हणजे टेच्या पुलाला गणिताचा अभाव नडला, तितकाच देखरेखीचाही. याची उलट बाजू कॅनडातल्या क्वेबेक पुलाने दाखवली. त्याचा सल्लागार थिओडोर कूपर हा पदवीधर आणि मोठ्या लौकिकाचा अभियंता. पण तो न्यूयॉर्कमध्ये बसून काम पाहत होता. पुलाचे स्वतःचे वजन हिशेबात कमी धरले गेले होते. दाबाखालचे भाग वाकू लागल्याचे साइटवरच्या तरुण अभियंत्याच्या लक्षात आले आणि तो ते सांगायला न्यूयॉर्कला गेला. काम थांबवण्याचा निरोप वेळेत पोहोचला नाही. 29 ऑगस्ट 1907 रोजी पूल पडून 75 कामगार ठार झाले. डिग्री अप्रेंटिसशिपच्या बाजूचा युक्तिवाद या दोन्ही दुर्घटना एकत्र ठेवल्यावरच उभा राहतो: गणित आणि साइट यांची फारकत कोणत्याही बाजूने झाली तरी घातकच.

शिवाय आजची डिग्री अप्रेंटिसशिप म्हणजे बाउचच्या काळातली उमेदवारी नव्हे. तेव्हा शिकाऊ मुलाचे पालकच अभियंत्याला मोठी रक्कम मोजत आणि शिकवायचे किती, हे त्या अभियंत्याच्या मर्जीवर राही. आता पदवी विद्यापीठाची असते. स्थापत्य शाखेच्या पदव्यांना मान्यता देणारे जॉइंट बोर्ड ऑफ मॉडरेटर्स हे व्यावसायिक संस्थांचे मंडळ ती पदवी इतर पदव्यांच्याच कसोट्यांवर तपासते. वेळ कमी पडतो म्हणून अभ्यासक्रम छाटलेला नाही. तो अधिक वर्षांवर पसरलेला आहे.

या पद्धतीचे खरे बळ मात्र शुल्कमाफीत किंवा पगारात नाही, जरी जाहिराती त्याच गोष्टी पुढे करतात. ते प्रश्न आणि उत्तर यांच्यातले अंतर कमी होण्यात आहे. चिकणमातीत खणलेला चर सकाळी भिंतीसारखा ताठ उभा असतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी ढासळतो. जुना मुकादम हे जाणतो आणि आधार लावल्याशिवाय कोणाला खाली उतरू देत नाही. खोदल्यामुळे मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाब घटतो, त्यामुळे माती काही काळ घट्ट राहते आणि दाब पूर्ववत होऊ लागला की तिची ताकद ओसरते, हे मृदायांत्रिकीचा वर्ग सांगतो. मुकादमाला कारण माहीत नसते, वर्गात बसलेल्याने चर पाहिलेला नसतो. ज्याने सोमवारी चर पाहिला आणि गुरुवारी कारण ऐकले, त्याला किती वेळ हाताशी आहे याचा अंदाज येतो. काँक्रीटचेही तसेच. ओतणारे कामगार थोडे पाणी वाढवायला सांगतात, कारण पातळ काँक्रीट शटरिंगमध्ये सहज उतरते. त्या पाण्याने स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटचा पातळपणा, किती वाढला हे उमेदवार जागेवरच मोजतो, चाचणीचे क्यूब भरतो आणि ताकद किती घटली हे 28 दिवसांनी प्रयोगशाळेत पाहतो. पाणी-सिमेंट गुणोत्तराचा आलेख मग परीक्षेपुरता राहत नाही.

थकव्याचा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. पहाटे साइट, संध्याकाळी गृहपाठ, असे पाच वर्षे चालणे जड आहे. नोकरीच्या वेळेतच प्रशिक्षणाला ठरावीक तास देण्याचे बंधन नियमांत आहे. पूर्वी ते प्रमाण 20 टक्के होते, 2022 ते 2025 या काळात पूर्णवेळ कर्मचाऱ्यासाठी आठवड्याला किमान 6 तास होते. मोठी ओतणी आली की अभ्यासाचा दिवस रद्द करणारी कंपनी नियम मोडते आणि उमेदवाराचे वर्षही. हा दोष कंपनीचा आहे, पद्धतीचा नव्हे. पण तो दूर झाल्याशिवाय पद्धतीची तरफदारी करणे अप्रामाणिक ठरेल.

सधन घरांतली मुलेच या जागा अधिक पटकावतात, हा आक्षेप तर मान्यच करायला हवा. सटन ट्रस्ट ही संस्था तो सातत्याने मांडत आली आहे. यावर उपाय निवडीच्या टप्प्यावर आहे. तंत्रज्ञ स्तरावरची अप्रेंटिसशिप पुरी करणाऱ्यांना पदवीच्या जागांवर पुढे घेतले, तर शाळेतल्या गुणांनी मागे पडलेली मुलेही इथवर येतील.

राहिला एकाच कंपनीत अडकून दृष्टी अरुंद होण्याचा मुद्दा. मोठा ठेकेदार उमेदवाराला पायाभरणी, सळईकाम, लाइनआउट, डिझाइन आणि खर्चाचा अंदाज असे सगळीकडे फिरवू शकतो. चार माणसांच्या फर्मला ते जमत नाही. इथे सार्वजनिक कामांच्या निविदा उपयोगी पडतील. हाय स्पीड 2 या रेल्वे प्रकल्पाने 2,000 अप्रेंटिस घडवण्याचे लक्ष्य ठेवले होते. निविदेत अशा संख्येबरोबरच प्रत्येक उमेदवार मालक, सल्लागार आणि ठेकेदार या तिन्हींकडे किती महिने काम करील, याचे वेळापत्रकही मागावे आणि बिलाच्या प्रत्येक हप्त्याला ते तपासावे.