सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. मग साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचं, असं गावाने ठरवलं.

या भोंग्याला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. मुलाला मोबाइल कधी द्यायचा हे आईबापांनी ठरवावं, गावाचा काय संबंध, असं ते विचारतात. शिवाय ज्या यंत्रावर उद्याची भाकरी मिळायची, त्याच्यापासून पोरांना दूर ठेवलं तर ती मागे पडतील, अशी त्यांना काळजी.

काळजीचं आधी बघू. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरलेली ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. म्हणजे फोन हाताळायला मुलं आपली आपण शिकतात. पानभर मजकूर नेटाने वाचून समजून घेणं मात्र शिकवावं लागतं. २०१८मध्ये कागदावरच्या आणि पडद्यावरच्या वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला गेला. गोष्टी वाचताना फरक दिसला नाही. पण माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक समजला आणि वेळेचं बंधन असताना हा फरक वाढला. आपल्या परीक्षा तर घड्याळ लावूनच होतात.

मोबाइल मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. टाळेबंदीत घरातल्या एकुलत्या एका फोनवरच कितीतरी मुलांची शाळा भरली. २०२२च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत, शाळेत रोज तासाभरापर्यंत अभ्यासासाठी डिजिटल साधनं वापरणाऱ्या मुलांना, मुळीच न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात सरासरी १४ गुण अधिक होते. पण त्याच चाचणीतली दुसरी नोंद मला फार मोलाची वाटते. गणिताच्या तासाला इतरांच्या मोबाइल-टॅबमुळे आपलं लक्ष उडतं, असं सांगणारी मुलं बाकीच्यांच्या १५ गुण मागे होती. इतरांच्या! (एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण वर्गावर उभ्या राहणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारून पाहा.)

आणि म्हणूनच ‘ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावं’ हे म्हणणं टिकत नाही. दोन खोल्यांच्या घरात बाप रील बघतोय, आजीची मालिका चालू आहे, खिडकीतून शेजारच्या पोराच्या गेमचा आवाज येतोय, आणि या एकट्या पोराला सांगायचं, ‘तू वाच.’ त्याचाच फोन काढून घेतला तर त्याला ती शिक्षाच वाटणार. वडगावचा भोंगा बापासाठीही वाजतो, आजीसाठीही वाजतो. पोराच्या वाचनाला लागणारी शांतता एकटं घर देऊ शकत नाही, ती आळीने मिळून द्यावी लागते, हे त्या गावाने ओळखलं.

गणपतीत आमच्या सोसायटीतली सगळी घरं आरतीला वेळेवर खाली उतरतात, तीही भोंग्याशिवाय. मग सात ते साडेआठ का जमू नये? येत्या सभेत मी तसा ठराव मांडणार आहे, आणि त्यात मुलांच्या आधी मोठ्यांच्या फोनचा उल्लेख असेल.