सोपं म्हणून दिलेलं तीस-सत्तर

श्रीरामपूर तालुक्यात इन्सुलिनविषयी दोन मतं अगदी ठासून मांडली जातात. एक गावाकडचं: सुई लागली म्हणजे माणसाचं संपलं. दुसरं पुण्या-नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आलेल्यांचं: हे तीस-सत्तर जुनाट झालं, तिकडे आता कुणी देत नाही. तिसरंही एक मत आहे. ते कुणी मांडत बसत नाही, पण चिठ्ठी लिहिताना, मेडिकलच्या काउंटरवर बाटली सरकवताना आणि घरी टोचून घेताना बहुतेक जण त्याच मताने वागतात. यात अवघड काय आहे, सकाळ-संध्याकाळ टोचायचं आणि जेवायचं, एवढंच ते मत. पहिल्या दोघांना उत्तर देतोच; पण माझा खरा वाद या तिसऱ्याशी आहे.

पहिल्याचं थोडक्यात उरकतो. टाइप टू मधुमेहात स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची ताकद वर्षागणिक उतरत जाते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासातून हे स्पष्ट झालं. निदान होतं तेव्हाच ती ताकद निम्म्यावर आलेली असते, असा अंदाजही त्यातूनच निघाला. म्हणजे दहा-बारा वर्षं गोळ्या खाल्ल्यावर सुई लागणं ही रोगाची चाल झाली. त्यात पेशंटचा गुन्हा नाही, आणि ‘सवय’ तर नाहीच. शरीर स्वतः जे बनवत होतं तेच बाहेरून देण्याला सवय कसली म्हणायची? १९२२च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं. तोवर अशा मुलांना अर्धपोटी ठेवून दिवस लांबवणं एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. ‘अमक्याला इन्सुलिन चालू केलं आणि सहा महिन्यांत पाय कापला’ ही गोष्ट प्रत्येक गावात ऐकायला मिळते. ती खोटी नसते, उलटी सांगितलेली असते. त्या माणसाने त्याआधीची तीन वर्षं सुई टाळलेली असते आणि पाय त्या तीन वर्षांत गेलेला असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, म्हणून त्याला सरसकट उडवून चालणार नाही. तीस-सत्तर म्हणजे एकाच बाटलीत तीस टक्के लवकर काम करणारं आणि सत्तर टक्के संथ चालणारं इन्सुलिन. जेवणापुरता एक डोस वाढवावा आणि दिवसभराचा तसाच ठेवावा, ही सोय यात नाही. एक वाढवलं की दुसरं वाढतंच. रात्री एकदा दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन घेण्यापेक्षा यात साखर उतरण्याचा धोकाही जास्त. २००७ साली ‘फोर-टी’ हा ७०८ पेशंटांवरचा ब्रिटन-आयर्लंडमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर मिश्र इन्सुलिनवाल्यांचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, सरासरी ७.३वर आलं, प्रत्येक जेवणाआधी टोचणाऱ्यांचं ७.२वर आणि केवळ दीर्घकालीन इन्सुलिनवाल्यांचं ७.६वर. साखर खाली जाण्याचे प्रसंग माणशी वर्षाला अनुक्रमे सुमारे ५.७, १२ आणि २.३ होते. या आकड्यांतून कोणाला काय वाचायचं ते वाचता येईल. जुनाट आणि निकामी असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही. रोजच्या दोन टोचण्यांत जेवणागणिक टोचणाऱ्यांच्या जवळपास पोचता येतं, आणि साखर उतरण्याचे प्रसंग त्यांच्या निम्म्याहून कमी, हे या आकड्यांनी नीट दाखवलं.

शिवाय ‘तिकडे कुणी देत नाही’ हेही खरं नाही. तीस-सत्तर आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि भारतात वापरल्या जाणाऱ्या इन्सुलिनमध्ये मिश्र इन्सुलिनचा वाटा फार मोठा आहे. २००३ मध्ये वोक्हार्टने शेजारच्या औरंगाबादेत मानवी इन्सुलिन तयार करून बाजारात आणलं, तेव्हापासून ते आपल्या मुलखातलंच झालं आहे. टाकळीभानच्या शेतकऱ्याला दिवसाला चार सुया आणि चार वेळा बोट टोचून तपासणी परवडत नाही, म्हणून त्याने काहीच घेऊ नये काय? अर्थात ज्याचं जेवण कधी बारा वाजता तर कधी चार वाजता होतं, जो रात्रपाळीला गाडी चालवतो किंवा ज्या लेकराला टाइप वन आहे, त्याला ही बाटली बहुतेक वेळा बरोबर नाही. तिथे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मी बिनतक्रार मान्य करतो.

आता ‘सोपं आहे’वाल्यांकडे. यात सोप्या आहेत त्या फक्त टोचण्या, कारण त्या दोनच आहेत. बाकीचं सगळं काटेकोर आहे, आणि ते काटेकोर आहे हे पेशंटला कोणी सांगत नाही.

बाटली फ्रिजमधून काढून उजेडात धरा. खाली पांढरा साका आणि वर निवळ पाणी दिसेल. तो साका म्हणजे सत्तर टक्क्यांतलं संथ इन्सुलिन. न हलवता वरचंच ओढलं तर त्या दिवशी जवळजवळ निव्वळ जलद इन्सुलिन टोचलं गेलं, आणि बाटली संपत आली की उरलेलं सगळं संथ. जोरजोराने खळखळवलं तर फेस होतो, सिरिंजमध्ये हवा येते आणि माप चुकतं. दोन तळहातांत धरून दहा वेळा घोळवायची, मग दहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करायची, सगळं एकसारखं दुधाळ झालं की मगच ओढायचं. हे फार कमी जण करतात. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जर्मनीतल्या इन्सुलिन पेन वापरणाऱ्या १०९ पेशंटांची तपासणी छापून आली. त्यांतल्या अवघ्या नऊ टक्क्यांनी पेन दहापेक्षा जास्त वेळा फिरवलं होतं, आणि संथ इन्सुलिनचं प्रमाण हवं त्याच्या कुठे ५ टक्के, कुठे २१४ टक्के निघालं. तिकडे ही गत, तर आपल्याकडे ‘रोज वीस पॉइंट घेतो तरी साखर कधी ऐंशी, कधी साडेतीनशे’ असं म्हणणाऱ्याचा डोस बदलण्याआधी त्याला बाटली हलवून दाखवायला सांगितलेलं बरं.

दुसरं घड्याळ. मानवी तीस-सत्तर जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. ॲनालॉग प्रकारचं, म्हणजे रचना थोडी बदलून बनवलेलं मिश्र इन्सुलिन मात्र ताट समोर आल्यावर. हा फरक चिठ्ठीवर लिहिलेला क्वचितच दिसतो. सकाळी आठला टोचलं की त्यातलं संथ इन्सुलिन दुपारी बारा ते चारच्या सुमारास भरात येतं. बाजार समितीत कांदा घेऊन आलेला माणूस लिलाव लागेपर्यंत गोणीवर बसून राहतो, तीन वाजले तरी पोटात चहाच. मग घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस उगाच चिडतो आणि आजूबाजूचे म्हणतात उन्हाने झालं. रात्रीच्या डोसाचा असाच भर मध्यरात्रीनंतर येतो. पहाटे घामाने बनियन भिजणं, भलती स्वप्नं, सकाळी डोकं जड, ही नेहमीची तक्रार. तिला ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. आणि यात जुन्या चिठ्ठीवरची ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळीही तशीच चालू असेल तर धोका आणखी वाढतो. मूत्रपिंड कमकुवत झालेल्याला डोस कमीच लागतो, तेही कोणी बघत नाही.

आपला तालुका तर उपवासांचा, सप्ताहांचा आणि यात्रांचा. संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत पोट रिकामं, श्रावणी सोमवारी एकच वेळ, एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि रताळी, म्हणजे नुसतं पीठ. सराला बेटच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी-भाकरीची पंगत कधी बसेल ते सेवेकऱ्यालाही सांगता येत नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणारे आहेत, आणि चालल्याने साखर आणखी उतरते. रमजानमध्ये तर दिवसच उलटा होतो. मोठा डोस इफ्तारकडे न्यायचा आणि सहरीचा कमी करायचा, हे महिनाभर आधी डॉक्टरांशी बसून ठरवायचं असतं. ‘उपवास आहे म्हणून सुई चुकवली’ आणि ‘उपवास आहे तरी नेहमीएवढीच घेतली’ ही दोन्ही टोकं मला सारखीच घातक वाटतात. जेवणाची खात्री नसेल तर टोचायचं नाही, ताप-उलट्या झाल्या तर मनाने बंदही करायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा, एवढं तरी प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असावं.

साखर ७०च्या खाली गेली, किंवा यंत्र जवळ नाही पण लक्षणं तीच, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, अजून खालीच असली तर पुन्हा प्यायची, आणि नंतर भाकरी खायची. भाकरी विसरायची नाही, कारण संथ इन्सुलिन अजून तासन्‌तास काम करत असतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. बेलापूर शुगरचं हरेगाव, टिळकनगर, अशोकनगर अशा कारखान्यांवर वाढलेल्या तालुक्यातल्या पेशंटच्या खिशात साखरेची पुडी नसते, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

ठेवण्याचं फार लांबवत नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. उघडलेली चार आठवडे सावलीत, पंचवीस-तीस अंशांच्या तापमानात चालते. एप्रिलमध्ये घरात त्याहून जास्त तापतं, वीज जाते, तर मातीच्या ओल्या मडक्यात ठेवावी. सुई रोज नवी, जागा रोज थोडी बदलून. पोटावर एकाच ठिकाणी टोचून गाठ झाली की तिथे टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: एवढं सगळं खेड्यातल्या माणसाला शिकवून जमत नाही. हे मला सर्वात अमान्य आहे. हाच माणूस पंधरा लिटरच्या पंपाला कुठलं औषध किती मिली, कुठलं कशात मिसळायचं नाही आणि फवारणी कोणत्या वेळेला, हे तोंडपाठ सांगतो. त्याला ते कृषी केंद्रवाल्याने काउंटरवर सांगितलेलं असतं. इन्सुलिनचं कोणी सांगत नाही. शंभर पेशंटांच्या रांगेत डॉक्टर ‘कंपाउंडर दाखवेल’ म्हणतात, कंपाउंडर पोटाकडे बोट दाखवतो, झालं.

सर्वात धोक्याची जागा सिरिंजची, आणि ती आताच जास्त जपायला हवी. आपल्याकडची नेहमीची बाटली एका मिलीला ४० युनिटची. तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं कार्ट्रिज एका मिलीला १०० युनिटचं. त्या मापाची सिरिंज केशरी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढलं, तर ते अर्धा मिली झालं, म्हणजे वीसऐवजी पन्नास युनिट. अडीचपट डोस, त्यात माणूस जाऊ शकतो. उलट ४०च्या बाटलीला केशरी टोपणाची सिरिंज लावली तर वीसच्या जागी आठच. २०२५ मध्ये नोव्हो नॉर्डिस्कने मानवी इन्सुलिनची पेनं आणि कार्ट्रिजं भारतातून टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचं जाहीर केलं; बाटल्या राहणार आहेत. म्हणजे वर्षानुवर्षं पेनवर असलेले पेशंट आता बाटलीवर येणार, आणि घरात जुनी-नवी दोन्ही मापं एकत्र नांदणार.

म्हणून मेडिकलवाल्यांकडे माझं मागणं साधं आहे. इन्सुलिन देताना पेशंटला जुनी बाटली आणि वापरातली सिरिंज दोन्ही आणायला सांगा, बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा त्याच्यासमोर जुळवून पाहा, आणि जुळत नसेल तर दोन्हींपैकी एकही वस्तू विकू नका. डॉक्टरांकडेही एकच: पहिलं इन्सुलिन पेशंटने तुमच्या टेबलासमोर स्वतःच्या हाताने हलवून, ओढून, टोचून दाखवल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका.