सहलीतलं कच्चं लिंबू

वर्षअखेरीला जपानात स्कीइंगला जायचं ठरलंय. टोकियोत नोकरी करणारा भाचा बर्फावर पटाईत, त्याची बायको बेताची, आणि पणजीहून जाणारे आम्ही तिघे म्हणजे निव्वळ कच्चं लिंबू!

भाच्याचा हट्ट हाकुबातल्या हाप्पो-ओनेचा. १९९८च्या नागानो ऑलिंपिकची डाउनहिल शर्यत तिथलीच. नुसतं ऐकूनच माझे गुडघे दुखू लागले. जवळच त्सुगाइकेला नवशिक्यांसाठी ऐसपैस उतार आहेत, पण मध्ये बसचा प्रवास. म्हणजे सकाळी पांगलेली मंडळी भेटणार थेट संध्याकाळी.

माझं मत स्पष्ट आहे. अशा सहलीचं ठिकाण सगळ्यात कच्च्या गड्याकडे बघून ठरवावं. पटाईताला चांगला उतार कुठेही सापडतो. नवख्याच्या नशिबी चुकीच्या डोंगरावर हॉटेलची खिडकीच! लहानपणी मिरामारला गेलो की आमची मावशी दरवेळी चपला राखत बसायची. तिला पाण्यात यायचंय का, हे कुणी कधी विचारलंच नाही.

म्हणून मी होक्काइदोतलं निसेको सुचवलं. एकाच डोंगराला बिलगलेली चार रिसॉर्टं, चारही मिळून एक पास. भाचा वर जाईल, आम्ही पायथ्याशी पडू-उठू, दुपारी जेवायला एकत्र. डिसेंबरअखेरीचा बर्फही तिथे जास्त भरवशाचा. महाग आहे, कबूल. शिवाय जपान्यांची नववर्षाची सुट्टी तेव्हाच, त्यामुळे खोल्या आणि इंग्रजी बोलणारे शिक्षक आत्ताच धरून ठेवायला हवेत.

भाचा अजून फुरंगटलेला आहे. असो. यंदा चपला राखायला कुणी बसणार नाही, एवढं नक्की.