महाड-पोलादपूरला मुक्काम कुठे कराल? ॲपची यादी अर्धीच गोष्ट सांगते

रायगडला जायचं ठरलं की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "राहायचं कुठे?" मग कोणीतरी बुकिंग ॲपचा स्क्रीनशॉट टाकतं, सगळ्यात स्वस्त आणि चार स्टारवाली खोली निवडली जाते आणि विषय संपतो. पुण्या-मुंबईत हे चालून जातं. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मात्र याच पद्धतीने तुमची सकाळ घाटात जाऊ शकते, पैसे भलत्याच खात्यात जाऊ शकतात आणि पावसाळ्यात तर प्रश्न जिवाचाही होतो.

हा विषय आत्ता का? दोन कारणं आहेत. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातला रायगड महाड तालुक्यात आहे, आणि प्रतापगड पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की लागतो. म्हणजे हे दोन छोटे तालुके आता दोन जागतिक वारसास्थळांच्या मधला मुक्काम झाले आहेत. दुसरं कारण म्हणजे २० मार्च २०२७. त्या दिवशी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतील. माणसं वाढणार हे नक्की. खोल्या मात्र एका रात्रीत वाढत नाहीत. अशा वेळी भाव चढतात आणि खोट्या जाहिरातीही वाढतात.

ॲपवर काय दिसतं, काय दिसत नाही?

बुकिंग ॲपवर तीच जागा दिसते जिच्या मालकाने तिथे नोंदणी केली आहे आणि कमिशन द्यायची तयारी दाखवली आहे. महाडमधली हॉटेलं, हायवेवरचे लॉज, स्विमिंग पूलवाले रिसॉर्ट यांना हे जमतं. पाचाडला आपल्या घरातल्या दोन खोल्या देणाऱ्या आणि पाहुण्यांना भाकरी-पिठलं करून घालणाऱ्या कुटुंबाला ते जमेलच असं नाही. शिवथरघळीला समर्थभक्तांच्या संस्थेमार्फत राहायची सोय होते, तीही नेहमीच्या ॲपमध्ये शोधून फारशी हाती लागत नाही.

यादीतला क्रमही निव्वळ गुणवत्तेवर ठरत नाही. 'स्पॉन्सर्ड' लिहिलेली जागा पैसे देऊन वर आलेली असते. काही कंपन्या जास्त कमिशन देणाऱ्या हॉटेलला वरची जागा देतात. म्हणून पहिल्या पाच नावांवर थांबू नका. गुगल मॅप्समध्ये आधी 'पाचाड', 'हिरकणीवाडी', 'पोलादपूर' अशी गावांची नावं टाका आणि मग मराठीत 'घरगुती जेवण', 'राहण्याची सोय' असं शोधा. इंग्रजीत 'हॉटेल्स नियर रायगड' टाकल्यावर येणारी यादी आणि ही यादी यांत फरक दिसेल.

नकाशावरचं 'जवळ' म्हणजे किती जवळ?

बरीच ॲप्स अंतर सरळ रेषेत दाखवतात. सह्याद्रीत ही रेषा फसवते. रायगड ते प्रतापगड हवेतून मोजलं तर साधारण ३५ किलोमीटर भरतं. रस्त्याने मात्र पाचाडहून महाडला उतरायचं, तिथून पोलादपूर गाठायचं आणि पुढे घाट चढायचा. अंतर जवळपास दुप्पट, आणि वेळ त्याहून जास्त.

दुसरा घोळ जिल्ह्याच्या नावाचा आहे. 'रायगड' टाकलं की ॲप अलिबाग, मुरूड, कर्जतचे रिसॉर्टही दाखवतं, कारण तेही रायगड जिल्ह्यातच येतात. किल्ला बघायचा असेल तर शोधताना 'महाड' किंवा 'पाचाड' टाका.

पुण्याहून येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. नकाशा भोरमार्गे वरंधा घाट सुचवतो. हा घाट गेली काही वर्षं पावसाळ्यात प्रशासन वाहतुकीसाठी बंद ठेवतं. त्यामुळे निघण्याआधी जिल्हा प्रशासनाची ताजी सूचना बघा, नाहीतर ताम्हिणी-माणगावमार्गे लांबचा फेरा पडेल आणि चेक-इनची वेळ हुकेल. रेल्वेने येणार असाल तर वीर हे कोकण रेल्वेचं स्थानक महाडला जवळ आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. रात्रीची गाडी असेल तर स्थानकावरून न्यायला कोण येणार, हे खोली बुक करण्याआधी ठरवा.

आधी तारीख, मग खोली

इथे गर्दीचं कॅलेंडर वेगळं आहे. ६ जून आणि त्याच सुमाराची तिथी, या दोन दिवशी शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी रायगडावर प्रचंड गर्दी होते. चैत्र पौर्णिमेला शिवपुण्यतिथी असते. २० मार्चला चवदार तळ्यावर आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिनी महाडात राज्यभरातून माणसं येतात. गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्ग चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेला असतो.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 'नाताळची सुट्टी' म्हणून खोली शोधणाऱ्याला २५ तारखेला महाड भरलेलं का, हे ॲप सांगत नाही. त्या दिवसांत फक्त किल्ला बघायचा असेल तर तारीख पुढे-मागे करणं सगळ्यात स्वस्त पडतं. सोहळ्यासाठीच यायचं असेल तर खूप आधी बुक करा, किंवा माणगाव, पोलादपूर अशा शेजारच्या गावांत राहून सकाळी लवकर या.

पावसाळ्यात स्टार बघू नका, उतार बघा

जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांचे रील बघून इथे येणारे खूप आहेत. त्यांनी हा भाग नीट वाचावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बसही. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुरात होतं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. रस्ते आणि संपर्क तुटल्यामुळे मदत पोचायला वेळ लागला. ७ जुलै २०२४ ला रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहिले, पर्यटक अडकले आणि त्यानंतर गडाची पायवाट काही काळ बंद ठेवावी लागली.

हे वाचून येणं रद्द करू नका, पण खोली निवडण्याची पद्धत बदला. गुगल मॅप्सवर सॅटेलाइट व्ह्यू लावा. जागेच्या मागे उघडा, तीव्र उतार आहे का? नदी किंवा ओढा किती जवळ आहे? 'नदीकाठचा तंबू' ही जाहिरात जानेवारीत छान असते, जुलैत टाळावी. महाड शहरात राहणार असाल तर तळमजल्याऐवजी वरची खोली मागा आणि गाडी कुठे लावायची ते विचारा. रिव्ह्यू वाचताना जुलै-ऑगस्टमधले शोधा, कारण मे महिन्यातल्या पाच स्टारना पावसाळ्यात अर्थ नाही. फोनमध्ये 'सचेत' आणि 'मौसम' ही सरकारी ॲप्स ठेवा. घाटात रेंज जाते, म्हणून ऑफलाइन नकाशा आणि बुकिंगचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. रेड अलर्ट असेल तर पैसे परत मिळतील का, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा. व्हॉट्सॲपवरचं उत्तरसुद्धा लेखीच असतं.

कोणाला काय सोयीचं?

- पहाटे गड चढायचा असेल तर पाचाड किंवा हिरकणीवाडी. रोपवेचं खालचं स्थानक हिरकणीवाडीलाच आहे. सोय साधी असते, पण सकाळचा रस्त्यातला तास वाचतो.
- एसटीने येणार, उशिरा पोचणार किंवा दवाखाना-एटीएम जवळ हवं असेल तर महाड शहर. चवदार तळं, राष्ट्रीय स्मारक आणि गांधारपाले लेणी इथून जवळ.
- रायगड आणि प्रतापगड दोन्ही करायचे असतील तर दुसऱ्या रात्रीसाठी पोलादपूर. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठही याच तालुक्यात आहे.
- शांतता हवी असेल तर शिवथरघळ. पण ही धार्मिक जागा आहे. तिथले नियम आणि जेवणाच्या वेळा पाळायची तयारी हवी.
- बंक बेडवालं बॅकपॅकर हॉस्टेल शोधाल तर ॲप बहुतेक घाटावर, महाबळेश्वर-पाचगणीकडे नेईल. तिथून रायगड एका दिवसात करणं दमवणारं आहे.

हॉस्टेलचं आणि किल्ल्याचं नातं जुनं आहे. जर्मनीत रिचर्ड शिरमन नावाच्या शिक्षकाने १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमस्वरूपी युथ हॉस्टेल सुरू केलं, कमी पैशांत हिंडणाऱ्या मुलांसाठी. रायगडच्या पायथ्याशी स्वच्छ डॉर्मिटरी आणि लॉकर एवढं मिळालं तरी तरुणांची मोठी सोय होईल. सध्या ती उणीव घरगुती मुक्काम भरून काढतात. काचेचे डोम आणि ट्री हाऊस फोटोत भारी दिसतात, पण त्यांचं भाडं देण्याआधी वीज गेल्यावर काय सोय आहे ते विचारा.

दाखवलेला भाव आणि भरायचा भाव

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. २,००० रुपयांच्या खोलीवर आधी २४० रुपये कर लागायचा, आता १००. बिलात अजून १२ टक्के दिसत असतील तर विचारा.

'शेवटची १ खोली!' हे वाचून घाई करू नका. अनेकदा ती त्या ॲपच्या वाट्याची शेवटची खोली असते, हॉटेलची नव्हे. खोटी घाई दाखवणं, शेवटच्या स्क्रीनवर छुपे चार्ज लावणं, न मागता विमा जोडणं हे सगळे प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलेल्या १३ 'डार्क पॅटर्न'मध्ये येतात. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. हॉटेलांनी दुसरीकडे कमी भाव देऊ नये अशा अटींचा मुद्दा त्यात होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तुमच्यासाठी त्यातला धडा असा, की ॲपवर भाव बघा आणि मग थेट फोन करून विचारा. कमिशन वाचलं तर मालक त्यातला वाटा तुम्हाला देऊ शकतो. मात्र थेट बुकिंगमध्ये रिफंडसाठी मध्ये कोणी नसतं, म्हणून ॲडव्हान्स कमीत कमी द्या.

फोन नंबर खरा आहे का?

नेमकी इथेच फसवणूक होते. खऱ्या हॉटेलच्या नावाने खोटी साइट बनवतात, जाहिरात देऊन ती सर्चमध्ये वर आणतात किंवा मॅपवरचा नंबर बदलतात. तीर्थयात्रेला जाणाऱ्यांना अशा खोट्या बुकिंगपासून सावध राहायचा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. शताब्दीच्या वेळी महाडच्या नावाने असं होणार नाही असं समजू नका.

पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर दिसणारं नाव वाचा. ते बँकेत नोंदलेलं नाव असतं. हॉटेल एका नावाचं आणि खातं परराज्यातल्या अनोळखी माणसाचं असेल तर थांबा. मालकाला व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा. रिफंड घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. ओळखपत्र व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार पाठवा.

खोली नाकारली तर?

महाडबद्दल लिहिताना हा प्रश्न टाळता येत नाही. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना जातीमुळे कुठे राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. दहा वर्षांनी त्यांनी महाडला सत्याग्रह केला. आज राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये तलाव आणि हॉटेल एकाच कलमात येतात. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे अडवता येत नाही.

अविवाहित जोडप्यांनी एकत्र राहण्यावर कायद्याने बंदी नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तरीही काही लॉज जोडप्यांना किंवा 'लोकल आयडी' असलेल्यांना नकार देतात. रात्री अकराला काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ॲपमधली अट आधी वाचा आणि फोनवर स्पष्ट विचारून घ्या.

बुक करण्याआधी पाच प्रश्न

"काका, एसटी स्टँडपासून घर किती लांब? रात्री रिक्षा मिळेल का?"
"पावसात रस्ता बंद होतो का? झाला तर पैसे परत मिळतील?"
"काकू, जेवण घरी मिळेल की बाहेर जायचं?"
"रेंज कोणत्या सिमला येते?"
"एकूण किती द्यायचे, सगळं धरून?"

या पाच उत्तरांतून जेवढं कळतं तेवढं चाळीस फोटोंतून कळत नाही. परत आल्यावर एक काम नक्की करा. त्या घराचा मराठीत रिव्ह्यू लिहा. कोणत्या महिन्यात गेलात, रस्ता कसा होता, पाणी होतं का, ते सांगा. मॅपवर ते घर नसेल तर मालकाला विचारून फुकटात नोंदवून द्या. मार्च २०२७ ला महाडला येणाऱ्या माणसाला तेव्हा जाहिरातींच्या खाली एखादं खरं नाव आणि खरा नंबर सापडेल.